पेलेटचा घेर नीट करणारी मिरजेची डाय: कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

मॅच पेलेटचा, म्हणजे सामन्यासाठी बनवलेल्या शिशाच्या छर्ऱ्यांचा, डबा कुरिअरनं सांगलीला किंवा साताऱ्याला पोचेपर्यंत चार ठिकाणी आपटलेला असतो. शिसं मुळात मऊ. त्यात पेलेटचा मागचा पोकळ भाग, म्हणजे शूटर ज्याला स्कर्ट म्हणतात तो घेर, नखानं दाबला तरी आत जातो. त्यामुळे डबा कितीही महागाचा असला तरी चेपलेल्या, लंबगोल झालेल्या किंवा कडेला फेंदारलेल्या घेराचे काही पेलेट त्यात निघतातच. बहुतेक जण ते बाजूला काढून भंगारात टाकतात. हे पेलेट सरावाला पुन्हा वापरता यावेत म्हणून मिरज-कुपवाड भागातल्या एका छोट्या टूलरूमनं एक हातसंच बनवायला घेतला आहे. ४.५ मिमी एअर पिस्तुलानं १० मीटरवर सराव करणाऱ्यांसाठी तो कितपत कामाचा आहे, ते इथं सविस्तर सांगतो.

संचात चार वस्तू येतात. ईएन-३१ पोलादाची, हार्डनिंग केलेली (तापवून कडक केलेली) डाय, म्हणजे नेमक्या मापाचं आरपार भोक असलेला साचा, तिच्यातून पेलेट ढकलायचा पितळी दांडा, लाकडी मुठीला बसवलेली ५ मिमीची बेअरिंगची गोळी आणि डोकं तपासायची भोकांची पट्टी. सगळं मिळून मॅच पेलेटच्या दोन डब्यांच्या आसपास पैसे पडतात. खोका साधा आहे, माहितीपत्रक नाही. काम मात्र लेथवर जीव लावून केलेलं दिसतं.

पहिल्यांदा हे कळलं पाहिजे की घेराचं काम काय. पेलेटचं डोकं नळीच्या आट्यांवर, म्हणजे आतल्या पिळदार उंचवट्यांवर, टेकून त्याला सरळ ठेवतं. घेर मागून आलेल्या हवेनं किंचित फुलतो, आट्यांना चिकटतो आणि हवा पुढं निसटू देत नाही. घेराला एका बाजूनं पोचा असेल तर नळीत हवा तिथून गळते. त्याहून वाईट गोष्ट नळीच्या तोंडाशी होते. घेर तोंडातून बाहेर पडताना हवा सगळीकडून एकदम सुटायला हवी. ती पोच्याच्या बाजूनं आधी सुटली की पेलेटच्या शेपटीला बाजूनं धक्का बसतो आणि तो डुलत निघतो. म्हणून डोक्यावरच्या बारीक ओरखड्यापेक्षा घेराच्या कडेचा पोचा जास्त नडतो.

आता या संचातली खरी मेख, म्हणजे डायचा व्यास. पेलेटच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे छापलेले असतात. तो डोक्याचा व्यास. घेर त्याहून मोठा असतो आणि तो मोठाच असायला हवा. डायचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, ४.५० ठेवला तर ४.५१ डोक्याचा पेलेट ढकलताना डोकंही घासून बारीक होतं, आट्यांवरची त्याची पकड ढिली पडते आणि जे बरं होतं तेच आपण बिघडवून बसतो. बोअर ४.५५ ठेवला तर काही पेलेटचा घेर नुसता सरकून जातो, गोल होत नाही. या संचातली डाय ४.५२ ची आहे आणि तो आकडा बरोबर निवडलाय. डोकं न घासता आत जातं, घेर तेवढा डायच्या भिंतीला लागतो.

हा ४.५२ बोलायला सोपा, करायला कठीण. बाजारात मिळणारा ४.५ चा एच-७ रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवला की बोअर ४.५०० ते ४.५१२ मध्ये कुठंतरी येतो. पुढं हार्डनिंगमध्ये पोलाद थोडं हलतं. मग लॅपिंग करून, म्हणजे बारीक पावडरनं घासून, मायक्रॉन-मायक्रॉननं बोअर वाढवत न्यावा लागतो. ज्या टूलरूममध्ये ०.०१ च्या टप्प्यांचे पिन गेज (भोक तपासायच्या अचूक मापाच्या सळ्या) नाहीत तिथं हे काम अंदाजपंचे होतं, कारण एवढ्या लहान भोकात व्हर्नियरचे आतले जबडे धड बसत नाहीत आणि दाखवतात ते खरं नसतं. आम्ही तपासलेल्या दोन नगांपैकी एकात ४.५२ चा पिन जेमतेम सरकत होता, ४.५३ चा अडत होता. तो उत्तम. दुसऱ्यात ४.५३ चाही पिन सैल जात होता. टूलरूमनं तो नग बदलून दिला, पण ग्राहकाला पिन गेज कुठून मिळणार? म्हणून प्रत्येक डायवर तपासलेला माप कोरून द्यायला हवा, ही आमची पहिली तक्रार.

पिन गेज नसेल तर एक साधी परीक्षा आहे. डाय टेबलावर उभी धरा आणि चांगला, न चेपलेला पेलेट डोकं खाली करून वरच्या तोंडात सोडा. तो स्वतःच्या वजनानं डोक्याइतका आत उतरला पाहिजे आणि घेराच्या कडेवर अडून राहिला पाहिजे. डोकंच वर अडलं तर बोअर तुमच्या पेलेटला लहान आहे. पेलेट थेट खाली पडला तर बोअर मोठा आहे. दहा पेलेट सोडून बघा, एकावर निकाल लावू नका.

दांड्यावर विचार केलेला दिसतो. तो पितळी आहे, त्यामुळे हात वाकडा गेला तरी डायच्या आतल्या भिंतीवर ओरखडा पडत नाही. त्याच्या टोकाला छोटं गोल नाक आहे आणि नाकामागं सपाट खांदा. नाक पेलेटच्या पोकळीत जाऊन त्याला मध्यावर धरतं, खांदा घेराच्या कडेला मागून टेकतो. नाक आखूड असेल तर पेलेट तिरका होतो आणि सगळा जोर कडेच्या एकाच बाजूवर येऊन घेर दुमडतो. नाक लांब असेल तर ते डोक्याला आतून ढकलतं, घेर डायमध्ये अडून बसतो आणि मऊ शिशाची कंबर ताणली जाते. असा ताणलेला पेलेट नुसत्या डोळ्यांना ठीक वाटतो. चार चांगल्या पेलेटांशेजारी काचेवर उभा केला की उंचीतला फरक दिसतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेलेटची पोकळी कमी-जास्त खोल असते, त्यामुळे या एका नाकावर सगळ्यांचं भागत नाही. दोन लांबीची नाकं द्यायला हवी होती.

वापरण्याची रीत अशी. डबा पांढऱ्या कापडावर ओतू नका, एकमेकांवर आपटून आणखी पोचे येतात. डबा आडवा धरून थोडे थोडे पेलेट फोमच्या तुकड्यावर घरंगळू द्या. भिंगाखाली घेराची कड बघत तीन वाटे करा: नीट असलेले, कड लंबगोल झालेले आणि कड फाटलेले किंवा आतपर्यंत दुमडलेले. तिसरा वाटा सरळ भंगार. त्याच्या नादी लागू नका, कारण दुमडलेलं शिसं उलगडलं तरी तिथं पातळ रेघ राहते. पहिल्या वाट्याला हात लावायचा नाही. काम फक्त दुसऱ्या वाट्याचं.

आधी गोळी. पेलेट डोक्यावर उभा करून ५ मिमीची गोळी घेराच्या तोंडावर ठेवा, नुसत्या मनगटाच्या वजनानं दाबा आणि पाव वळसा फिरवा. लंबगोल कड गोल होते. जोर लावला तर कड बाहेर फेंदारते आणि पुढं डायमध्ये तिथलं शिसं खरवडलं जातं. बहुतेकांची पहिली चूक इथंच होते. मग डाय. शंभर पेलेटना पातळ तेलाचा एखादा थेंब पुरे. तो फडक्यावर घ्या आणि फडक्यात पेलेट हलकेच फिरवा. पेलेट डोकं पुढं करून डायमध्ये ठेवायचा, दांडा सरळ वरून एका दमात ढकलायचा. मध्ये थांबलं की घेरावर कडं उमटतं. खालून पेलेट फोमवर पडू द्या, वाटीत नाही. सवय झाली की मिनिटाला सहा-सात पेलेट निघतात. घाई केली की दांडा तिरका जातो.

पंचवीस-तीस पेलेट झाले की डायच्या तोंडात बघा. आत काळपट चकाकी दिसायला लागली तर शिसं भिंतीला धरलंय. तेलात बुडवलेली कापसाची काडी किंवा नळी साफ करायची फेल्टची गोळी आरपार ढकलली की निघतं. सुई, खिळा, पोलादी ब्रश असलं काही आत घालू नका. खाली शिशाच्या बारीक चकत्या पडत असतील तर दोष तुमच्या हाताचा नाही. डायच्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धारदार किनार, राहिली आहे. आमच्या एका नगात बाहेर पडायच्या बाजूला अशी बर होती. दाभणाच्या टोकाएवढी, पण प्रत्येक पेलेटच्या घेरावर एक उभी चमकती रेघ ओढत होती. बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरची गुंडाळी करून कड हलकेच फिरवल्यावर रेघ गेली. हे काम ग्राहकाचं नव्हे. डाय बाहेर पाठवण्याआधी तिथं चॅम्फर झालाच पाहिजे, म्हणजे धारदार कड तिरकी घासलेली हवी.

भोकांची पट्टी चांगली आहे, पण तिच्यावर जास्त विसंबू नका. डोकं ४.५० च्या भोकात जातं आणि ४.४९ मध्ये अडतं, एवढं ती सांगते. मायक्रोमीटरनं पेलेट मोजायला जाऊ नका. त्याच्या रॅचेटच्या (आवळायच्या मुठीच्या) एका टिकटिकीत शिसं दबतं आणि तुम्ही स्वतःच केलेला चपटेपणा मोजता.

फरक पडतो का, हे बघायला पिस्तूल बेंचवाइसमध्ये बांधून चाचणी घेतली. वाइसच्या जबड्यांना जाड चामडं लावायचं आणि पकड फ्रेमवर द्यायची. नळीवर किंवा हवेच्या सिलिंडरवर कधीच देऊ नये. एकाच डब्यातले पेलेट चार गटांत केले: मुळातच नीट असलेले, चेपलेले तसेच ठेवलेले, चेपलेले पण दुरुस्त केलेले आणि नीट असूनही डायमधून काढलेले. पाच-पाचच्या फैरी आळीपाळीनं झाडल्या, म्हणजे सिलिंडरचा दाब उतरत गेला तरी एकाच गटावर अन्याय होत नाही. नीट पेलेटनी कागदावर एकच खडबडीत भोक पाडलं. तसेच ठेवलेले चेपलेले पेलेट त्या भोकाला सोडून इकडे तिकडे गेले, कधी एखादा बराच लांब. दुरुस्त केलेले पुन्हा भोकात येऊन बसले, अधूनमधून एखादा काठावर. चौथ्या गटानं मात्र काही कमावलं नाही. एका पिस्तुलात फरक दिसला नाही, दुसऱ्यात भोक थोडं पसरलंच. डाय बिघडलेलं सुधारते, चांगल्याला आणखी चांगलं करत नाही. संच विकताना सगळा डबा यातून काढा असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

पेलेटचा दोष मानण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा. पुष्कळ घेर डब्यात नाही, पिस्तुलातच चेपतात. पेलेट खाचेत तिरका पडला आणि बोल्ट (पेलेट नळीत सरकवणारा दांडा) जोरात ढकलला की बोल्टचं टोक घेराची एक कड आत दाबतं. हे बघायला सिलिंडर काढून ठेवा, पेलेट नेहमीसारखा भरा आणि प्लास्टिकचं आवरण असलेल्या रॉडनं तो मागून पुढं, नळीच्या तोंडातून हळूच कापडात बाहेर काढा. डोक्यावर आणि घेरावर सगळीकडून सारखे आटे उमटले असतील तर सगळं जागेवर आहे. घेरावर एकाच बाजूला चंद्रकोरीसारखा दाब असेल तर भरायची पद्धत सुधारा, डायची गरज नाही. डोक्यावर आट्यांची खूणच नसेल तर एक माप मोठ्या डोक्याचा डबा घ्या. तीही उणीव डाय भरून काढू शकत नाही.

एक प्रश्न हमखास विचारला जातो. परदेशात पिस्तुलाच्या फुगलेल्या पितळी पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचं) अशाच डायमधून काढून पुन्हा भरतात, मग हेच तत्त्व ना? तत्त्व एक, धातू वेगळा. .४० एस अँड डब्ल्यू सारख्या काडतुसाची पुंगळी बुडाजवळ फुगते, कारण काही पिस्तुलांच्या चेंबरमध्ये (काडतूस बसायच्या जागेत) फीड रॅम्पपाशी, म्हणजे काडतूस आत सरकायच्या उतारापाशी, तिला खालून पुरेसा आधार नसतो. नेहमीच्या सायझिंग (मापात आणायच्या) डायमध्ये पुंगळी शेलहोल्डरनं बुडाला धरलेली असते, त्यामुळे डाय अगदी खालपर्यंत पोचत नाही आणि नेमका फुगीर भाग राहून जातो. म्हणून तिथं पुंगळी पूर्ण आरपार ढकलतात. .४० आणि .४५ च्या सरळ पुंगळीला हे चालतं. ९ मिमीची पुंगळी बुडाशी ९.९३ आणि तोंडाशी ९.६५ मिमी अशी निमुळती असते, तिला सरळ बोअरमधून काढलं तर बूड गरजेपेक्षा बारीक होतं. आणि मुख्य म्हणजे पितळ थकतं. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्ताचं ते पितळ प्रत्येक ताणानं कडक आणि ठिसूळ होत जातं. फुगलेली पुंगळी मापात आली तरी ती जागा एकदा ताणलेलीच राहते. हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेल्या ब्रिटिश काडतुसांच्या पुंगळ्या तडकायच्या, त्याचं कारणही पितळात राहून गेलेला ताण आणि पागेतला अमोनिया हेच निघालं. शिशाचं तसं नाही. घरातल्या साध्या तापमानालाच त्याची रचना पुन्हा सैलावते, म्हणून वाकवलं तरी ते कडक होत नाही आणि पोचा काढता येतो. आणि आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे असली डाय करून द्या म्हणून कुठल्याही टूलरूमच्या मागं लागू नये. हा संच फक्त हवेच्या पिस्तुलाच्या पेलेटसाठी आहे.

शिशाबद्दल निष्काळजी राहू नका. डायखाली पडणारी भुकटी फुंकर मारून उडवायची नाही, ओल्या कागदानं टिपून पिशवीत बांधायची. काम झाल्यावर साबण आणि थंड पाण्यानं हात धुवायचे. हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर, चहा पितापिता, लहान मुलांसमोर करायचं नाही. साताऱ्याच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वर-मेढ्याकडे पावसाळ्यात ओल महिनोन् महिने हटत नाही. तिथं पेलेटवर पांढरी भुकटी चढते. ते शिशाचंच संयुग, आणि विषारी. असे पेलेट पुसून वापरण्यापेक्षा टाकलेले बरे. लाकडी कपाटात किंवा लोणच्या-व्हिनेगरच्या शेजारी डबा ठेवला तर आम्लाच्या वाफेनं भुकटी लवकर धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, फोमवर, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. डायलाही पावसाळ्यात तेलाचा हात द्या. ईएन-३१ गंजतं आणि आतल्या भिंतीवर गंजाचा एक ठिपका पडला तरी तो प्रत्येक घेरावर उमटतो.

आता हा संच घ्यावा का. नवीन शिकणाऱ्यानं घेऊ नये. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं आणि पेलेटची कड रेषेला लागली तरी १० मिळतो. म्हणजे फटक्याचं केंद्र मध्यापासून ८ मिमी सरकलं तरी गुण जात नाही. ज्याचे फटके अजून ७ आणि ८ मध्ये फिरतायत त्यानं तो वेळ ट्रिगरला द्यावा. ६० फटक्यांच्या सामन्यासाठीही दुरुस्त केलेले पेलेट वापरू नयेत, त्या डब्यातले नीट पेलेटच निवडून बाजूला ठेवावेत. ज्या क्लबमध्ये आठ-दहा मुलं रोज सराव करतात आणि महिन्याला बरेच डबे संपतात तिथं मात्र हा संच पैसे वसूल करून देतो. चेपलेले पेलेट साठवायचे, आठवड्यातून एकदा कोणीतरी बसून दुरुस्त करायचे आणि सरावाच्या पहिल्या फैरीला वापरायचे.

घ्यायचाच असेल तर सांगताना तीन गोष्टी स्पष्ट करा: बोअर ४.५२, तपासलेल्या पिन गेजचा आकडा डायवर कोरलेला आणि दोन्ही तोंडांना चॅम्फर. आणि ऑर्डर देताना तुमच्या नेहमीच्या डब्यातले दहा नीट पेलेट फोममध्ये गुंडाळून सोबत न्या, म्हणजे दांड्याचं नाक त्यांच्या पोकळीवर बसवून घासून मिळेल.